त्वचेची बायोप्सी: तुकडा काढण्यापासून जखम भरेपर्यंत

बायोप्सी करायची असं डॉक्टरांनी सांगितलं की माणूस दोन प्रश्न विचारतो. कॅन्सर आहे का? आणि दुखेल का? मी बरीच वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काम करते. या दोन प्रश्नांच्या काळजीत तिसरा प्रश्न बहुतेकांचा राहून जातो: घरी गेल्यावर या जखमेचं करायचं काय? तुकडा काढायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पुढचे दोन आठवडे मात्र जखम तुमच्या हातात असते. ती चिघळेल की सरळ भरेल, व्रण कितपत दिसेल, हे बरंचसं त्या दोन आठवड्यांत ठरतं. हा लेख पहिल्यांदाच बायोप्सीला जाणाऱ्यांसाठी आहे.

आधी ते दोन प्रश्न मिटवू.

बायोप्सी म्हणजे कॅन्सरचा शिक्का नव्हे. त्वचेचा छोटा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, एवढाच त्याचा अर्थ. एर्नेस्ट बेस्निए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८७९ मध्ये हा शब्द रूढ केला, म्हणजे त्याचं मूळच त्वचेच्या तपासणीशी जोडलेलं आहे. सोरायसिस, लायकेन प्लॅनस, कुष्ठरोग, पेम्फिगससारखे फोड येणारे आजार, त्वचेतल्या रक्तवाहिन्यांची सूज, एखाद्या औषधाची रिअ‍ॅक्शन या सगळ्यांसाठी बायोप्सी करतात. दोन आजार वरून अगदी सारखे दिसत असले की खरा कोणता, ते तुकडाच सांगतो. आता काही वेळा शंका कॅन्सरचीच असते, हेही खरं. अशा वेळी 'सुरी लावली की रोग पसरतो' या भीतीने लोक महिनोन्महिने थांबतात. त्वचेवरच्या डागाची बायोप्सी केल्याने कॅन्सर पसरत नाही. थांबल्याने मात्र तो खोल जातो. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात तर गाठ किती खोल गेली आहे ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात. तेव्हा कृपा करून थांबू नका.

दुखतं का? भुलीचं इंजेक्शन दुखतं. त्यानंतर तुकडा काढताना दुखत नाही. याबद्दल सविस्तर पुढे सांगते.

कोणत्या प्रकारची बायोप्सी, हे आधीच विचारून घ्या

घरची काळजी यावरच अवलंबून असते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. मुख्य प्रकार तीन.

शेव्ह बायोप्सीत पातळ पात्याने त्वचेचा वरचा थर तासून घेतात. टाके नसतात. गुडघा खरचटल्यावर दिसते तशी उघडी, ओलसर जखम राहते.

पंच बायोप्सी बऱ्याचदा केली जाते. तिचं हत्यार पेनाएवढं असतं आणि टोकाला गोल, धारदार नळी असते. नळीचा व्यास २ ते ८ मिलिमीटर असतो, साधारणपणे ४ मिलिमीटरची वापरतात. म्हणजे पेन्सिलीच्या जाडीच्या जेमतेम निम्मा. मात्र ती खोलवर, त्वचेखालच्या चरबीपर्यंत जाते. छिद्र अगदी लहान असेल तर तसंच भरू देतात, नाहीतर एक-दोन टाके घालतात.

एक्सिजनल बायोप्सीत संपूर्ण गाठ किंवा डाग कडेच्या थोड्या चांगल्या त्वचेसकट काढतात. ही जखम लांबट असते आणि टाके जास्त लागतात. डाग फार मोठा असेल तर त्यातला एक भागच कापून घेतात, त्याला इन्सिजनल म्हणतात.

जाण्याआधी

सगळी औषधं लिहून न्या. कागदावर नावं उतरवली नाहीत तरी चालेल, पाकिटंच पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगा. पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. अशा छोट्या कामासाठी त्या बहुतेक वेळा चालूच ठेवतात. थोडं जास्त आलेलं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयात किंवा मेंदूत रक्ताची गुठळी झाली तर ती दाबून जात नाही.

आणखी काय सांगायचं? भुलीच्या औषधाची, लेटेक्सच्या हातमोज्यांची, चिकटपट्टीची किंवा एखाद्या मलमाची अ‍ॅलर्जी. पेसमेकर, कारण रक्त थांबवायला कधी कधी विजेवर चालणारं उपकरण लागतं. मधुमेह, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं. पूर्वीच्या जखमेवर व्रण फुगून केलॉइड झाला होता का. आणि इंजेक्शन किंवा रक्त बघून भोवळ येते का. हे शेवटचं सांगायला लोक संकोचतात. संकोच करू नका. आम्ही तुम्हाला आडवं झोपवतो, एवढाच फरक पडतो.

उपाशीपोटी जाऊ नका, व्यवस्थित खाऊन जा. त्या जागी क्रीम, पावडर, मेकअप लावू नका. पुरळाची बायोप्सी असेल तर स्टिरॉइडचं मलम चालू ठेवायचं की थांबवायचं ते आधीच विचारा, कारण मलमाने आजाराच्या खुणा पुसट होतात आणि रिपोर्ट गोंधळाचा येतो. कपडे सैल घाला, म्हणजे ती जागा सहज उघडी करता येईल आणि नंतर कापड घासणार नाही.

आणि एक फोटो काढा. डागाचा जवळून एक आणि थोडा लांबून एक. लांबच्या फोटोत कान, खांदा, बेंबी असं काहीतरी ओळखीचं दिसू दे. शेव्हची जखम काही आठवड्यांत इतकी छान भरते की पुढे तिथे शस्त्रक्रिया करायची ठरली तर नेमकी जागा कोणती यावर डॉक्टर आणि पेशंट दोघंही अडखळतात. मी हे घडताना पाहिलं आहे. पाठीवर दहा-बारा ठिपके आणि बोट ठेवायचं कुठे, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. फोनमधला एक फोटो असता तर पाच सेकंदांत काम झालं असतं.

टेबलावर काय होतं

सर्वात आधी जागा ठरते. पेशंटला जो चट्टा सगळ्यात वाईट वाटतो तोच डॉक्टर निवडतील असं नाही. खाजवून खाजवून सोललेल्या जुन्या चट्ट्यापेक्षा नुकताच उठलेला ताजा चट्टा जास्त माहिती देतो. फोड असेल तर त्याची कड घेतात. जागेभोवती पेनाने खूण करतात. एकापेक्षा जास्त डाग असतील तर त्या वेळी आरसा मागा आणि हाच ना, ते स्वतः बघून घ्या.

मग भूल. लिग्नोकेन, म्हणजेच लिडोकेन, बारीक सुईने त्वचेत सोडतात. टोचल्याचं तितकं जाणवत नाही, औषध आत शिरताना जी जळजळ होते ती जास्त लागते. पंधरा-वीस सेकंद. या वेळी श्वास रोखून धरू नका, लांब सोडा. औषधात बहुतेक वेळा अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं असतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येतं. त्यामुळे क्षणभर छातीत धडधडलं तर घाबरू नका, ते दोन-चार मिनिटांत शमतं. लहान मुलांना आधी तासभर भुलीचं मलम लावून ठेवता येतं, त्याबद्दल जरूर विचारा.

भूल चढल्यावर स्पर्श कळतो, दाब कळतो, ओढल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. दुखलं तर लगेच बोला. आणखी भूल देता येते. गप्प राहून सोसलेलं कोणाच्याही उपयोगाचं नाही.

पंच बायोप्सीत डॉक्टर दोन बोटांनी त्वचा ताणतात, नळी उभी टेकवतात आणि गोल फिरवत आत दाबतात. त्वचा एका विशिष्ट दिशेने ताणलेली असल्यामुळे बोटं सोडली की गोल छिद्र आपोआप लांबट होतं आणि टाका नीट बसतो. तुकडा चिमट्याने आवळत नाहीत, कारण चुरगळलेल्या पेशी वाचता येत नाहीत. सुईच्या टोकाने अलगद उचलतात आणि खालून कात्रीने सोडवतात. पांढुरका, दंडगोल असा तो तुकडा फॉर्मलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत तळाशी जाऊन बसतो. पाहिल्यावर बहुतेक जण म्हणतात, "एवढाच?" हो, एवढाच.

त्या बाटलीवरचं नाव आणि शरीराची बाजू, उजवी की डावी, तुम्हीही वाचा. आम्ही वाचतोच, पण चार डोळे बरे. फोडांच्या आजारात दुसरा तुकडा वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो, कारण इम्युनोफ्लुरोसन्सची, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने करायची, तपासणी फॉर्मलिनमधल्या तुकड्यावर होत नाही. तेव्हा दोन बाटल्या दिसल्या तर दोन आजार आहेत असं समजू नका.

शेव्हनंतर रक्त थांबवायला अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण लावतात किंवा जागा किंचित डागतात. पंचला टाका, की काम झालं. उठताना घाई करू नका. आधी बसा, दोन मिनिटांनी उभे राहा.

पहिला दिवस

भूल एक-दोन तासांत उतरते, कधी थोडी उशिरा. मग ठणका लागतो. बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरते, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घ्या. दुखण्यासाठी म्हणून मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्त येऊ शकतं. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन वेगळी, ती चालू ठेवायची.

पट्टी २४ तास कोरडी ठेवा आणि काढू नका. काही डॉक्टर ४८ तास सांगतात, तर तसं करा. व्यायाम, वजन उचलणं, वाकून करायची कामं टाळा. जखम चेहऱ्यावर असेल तर रात्री उशी थोडी उंच घ्या. पायावर असेल तर बसताना पाय वर ठेवा. पायाच्या जखमा तशाही सगळ्यात उशिरा भरतात, त्यात सूज आली की आणखी रेंगाळतात.

पट्टीवर रक्ताचा डाग दिसणं साहजिक आहे. रक्त झिरपत राहिलं तर स्वच्छ गॉज ठेवून बोटांनी घट्ट दाबा आणि घड्याळात बघून पूर्ण १५ मिनिटं दाबून धरा. इथे सगळे एकच चूक करतात. दर मिनिटाला उचलून बघतात, थांबलं का. प्रत्येक उचलण्याबरोबर नुकतीच धरलेली गुठळी निघते आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. १५ मिनिटांनी बघा. थांबलं नसेल तर आणखी १५ मिनिटं. तरीही येतच असेल तर फोन करा किंवा दवाखाना गाठा.

दुसऱ्या दिवसापासून: जखम ओलसर ठेवा

या भागासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

जखम उघडी ठेवा, वारं लागू दे, सुकू दे, जाड खपली धरली म्हणजे बरं होतंय, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात उलटं आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकलेली, ओलसर जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. कारण समजायला सोपं आहे. नवी त्वचा कडेकडून मध्याकडे सरकत येते. पृष्ठभाग ओलसर असेल तर पेशी सहज घसरत जातात. वर कडक खपली असेल तर त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते.

म्हणून दिवसातून एकदा एवढं करा. हात साबणाने धुवा. जुनी पट्टी हळू काढा. चिकटली असेल तर ओढू नका, स्वच्छ पाण्याने भिजवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. एकदा एक गृहस्थ माझ्यासमोर बसल्या बसल्या 'एका झटक्यात काढतो' म्हणाले आणि काढलीही. वाळलेल्या गॉजला चिकटून गुलाबी, पातळ पापुद्रा निघून आला. ती आठ दिवसांत आलेली नवी त्वचा होती. तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पट्टी निघाली की साधं पाणी आणि सौम्य साबण वापरून जखम धुवा. फेस बोटांनीच लावा, घासू नका. स्वच्छ कापडाने टिपून घ्या. मग पेट्रोलियम जेलीचा थर द्या. थर चमकला पाहिजे, पण ओघळता कामा नये. जेली नव्या ट्यूबमधली घ्या, घरातल्या सगळ्यांची बोटं बुडालेल्या डबीतली नको. त्यावर न चिकटणारी पट्टी लावा.

अँटिबायोटिक मलम नको का? साध्या, स्वच्छ बायोप्सीच्या जखमेला बहुधा गरज नसते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ९००हून जास्त पेशंटमध्ये साधी पेट्रोलियम जेली आणि बॅसिट्रेसिन हे अँटिबायोटिक मलम यांची तुलना केली होती. जंतुसंसर्गाच्या प्रमाणात म्हणावा असा फरक आढळला नाही. उलट निओमायसिन, बॅसिट्रेसिन यांची अ‍ॅलर्जी अनेकांना येते आणि मग ती लाली बघून जंतुसंसर्ग झाला असं वाटतं. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं असेल तर अर्थातच ते लावा. पण हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि कडक जंतुनाशकं रोज ओतू नका, त्यांनी जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. घरगुती लेप आणि पावडरी उघड्या जखमेवर नकोत.

शॉवर किंवा अंगावर पाणी घेऊन आंघोळ चालते. टबात बसून राहणं, पोहणं मात्र टाके निघेपर्यंत, आणि टाके नसतील तर जखम बंद होईपर्यंत, टाळा. पट्टी रोज बदला, भिजली किंवा मळली तर लगेच. टाके नसलेली जखम साधारण एक ते तीन आठवड्यांत भरते, गुडघ्याखाली जास्त वेळ लागतो. तोवर जेली आणि पट्टी चालू ठेवा. धूम्रपान करत असाल तर निदान या दिवसांत थांबवा, त्याने जखमेला रक्त कमी पोहोचतं.

काय साहजिक आहे आणि काय नाही

कडेला एक-दोन मिलिमीटर लाली, थोडी सूज, हलका निळसरपणा, खाज हे सगळं भरत्या जखमेचं आहे. उघड्या जखमेच्या तळाशी पिवळसर-पांढरा ओला थर दिसतो. त्याला पू समजून लोक खरवडतात. तो भरण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे, त्याला हात लावू नका. पू दाट, गढूळ असतो, बहुधा वास मारतो आणि त्याच्यासोबत दुखणं वाढतं.

दुखण्याची दिशा बघा. ते रोज थोडं कमी व्हायला हवं. दोन-तीन दिवसांनी कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागलं, जागा गरम लागली, लाली पसरत चालली, पू आला, ताप आला किंवा जखमेपासून लाल रेघ वर सरकताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. टाके उसवून जखम उघडली तरीही जा. सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही, ती काळपट किंवा जांभळट दिसते. तिथे हाताची मागची बाजू जखमेजवळ लावा, मग दुसऱ्या बाजूच्या त्याच जागी लावा. उष्णतेतला फरक कळतो. लाली पसरतेय का अशी शंका असेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ काढा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर उत्तर मिळालं.

आणि लाली अगदी चौकोनी असेल, खाजत असेल आणि तिचा आकार पट्टीच्या आकाराशी जुळत असेल तर ती बहुधा चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी असते. पट्टी बदलून घ्या.

टाके आणि व्रण

टाके काढण्याची तारीख जागेवर ठरते. चेहऱ्यावरचे ५ ते ७ दिवसांत, डोक्यावरचे ७ ते १० दिवसांत, अंगावरचे आणि हातापायांचे १० ते १४ दिवसांत. चेहऱ्यावरचे उशिरा काढले तर टाक्यांच्या खुणा उरतात, पायावरचे लवकर काढले तर जखम उघडते. घरी कात्रीने काढू नका. विरघळणारे टाके असतील तर तसं कागदावर लिहून घ्या.

टाके निघाले म्हणजे त्वचा पूर्ववत झाली असं नाही. त्या वेळी तिथली ताकद मूळ त्वचेच्या एक दशांशाच्या आसपास असते. तीन महिन्यांत ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत येते आणि साधारण तिथेच थांबते. त्यामुळे पाठ, खांदा किंवा पायावर टाके असतील तर पुढचे काही आठवडे जोराचा ताण देऊ नका.

व्रण आधी गुलाबी किंवा काळपट, थोडा कडक असतो आणि वर्षभर बदलत राहतो. जखम पूर्ण बंद झाल्यावर उन्हात जाताना तिथे सनस्क्रीन लावा किंवा ती झाका, नाहीतर डाग गडद होतो. छाती, खांदे आणि कानाच्या पाळीवर केलॉइड होण्याची शक्यता जास्त असते. व्रण खाजू लागला, जाड होऊन मूळ जखमेच्या बाहेर वाढू लागला तर लवकर दाखवा, सुरुवातीला त्यावर उपचार सोपे जातात.

रिपोर्ट

तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे ४-५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि निळ्या-गुलाबी रंगांत रंगवतात. मग पॅथॉलॉजिस्ट ते वाचतात. याला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात, विशेष रंग किंवा तपासण्या लागल्या तर जास्त. उशीर झाला म्हणजे बातमी वाईट, असा अर्थ काढू नका.

पण रिपोर्ट आलाच नाही तर सगळं ठीक असेल, असंही समजू नका. जखम भरली, दुखणं थांबलं की रिपोर्ट आणायचा राहून जातो, आणि ज्यासाठी हे सगळं केलं तो कागद कुठल्यातरी कपाटात पडून राहतो. टेबलावरून उठतानाच विचारून ठेवा: रिपोर्ट कधी येणार, तुम्ही कळवणार की मी यायचं? ती तारीख फोनमध्ये टाका. त्या दिवशी कोणी कळवलं नाही तर तुम्ही फोन करा.

रिपोर्ट डॉक्टरांसोबत बसून वाचा. 'निदान निश्चित नाही, लक्षणांशी पडताळून पाहावे' असं लिहिलेलं असलं तर तुकडा वाया गेला असं नाही. काही पुरळांमध्ये खुणा उशिरा स्पष्ट होतात आणि पुन्हा बायोप्सी लागते. संपूर्ण गाठ काढली असेल तर कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे कडेला रोग उरलेला नाही ना, हे नक्की विचारा. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं असेल तर बहुतेक वेळा नव्याने तुकडा काढावा लागत नाही. तो मेणाचा ठोकळा लॅबमध्ये जपून ठेवतात, तो किंवा त्याच्या काचपट्ट्या मागता येतात. रिपोर्टची प्रत आणि आधी काढलेला डागाचा फोटो एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि भरलेल्या जागी पुन्हा काही उगवताना दिसलं तर तीच फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा.